लोडरचा सिलिंडर का गळतो?

पास्कलचा नियम शिकवताना आपण फळ्यावर एक आकृती काढतो. एक अरुंद नळी, एक रुंद नळी, दोन्हींना जोडणारा द्रव आणि दोन्हींवर एकेक दट्ट्या. अरुंद दट्ट्यावर छोटे वजन ठेवले की रुंद दट्ट्यावरचे मोठे वजन उचलले जाते. मुले आकृती वहीत उतरवून घेतात, गणित सोडवतात आणि धडा संपतो. या आकृतीत एक गोष्ट कधीच दाखवलेली नसते. दट्ट्या सरकायचा तर तो आणि नळीची भिंत यांच्यामध्ये थोडी फट हवीच. मग दाबाखालचा द्रव त्या फटीतून बाहेर का येत नाही?

खरे तर तो येतोच. त्याला अडवण्यासाठी फार युक्तीने केलेली व्यवस्था लागते आणि ती व्यवस्था थकली की यंत्र गळू लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवणारा जॅक, माती उकरणारी जेसीबी, लहान ट्रॅक्टरला पुढून जोडलेला लोडर, या सगळ्यांत हेच घडते. आपण या लेखात जुन्या छोट्या ट्रॅक्टरवरच्या लोडरचे उदाहरण घेऊ. तो कसा दुरुस्त करतात हे पाहताना पास्कलच्या नियमाची दुसरी बाजूही समजते.

आधी थोडे गणित

लोडरला दोन बाहू असतात आणि पुढे बकेट. बाहू उचलायला दोन सिलिंडर, बकेट वाकवायला एक किंवा दोन. प्रत्येक सिलिंडर म्हणजे एक पोलादी नळी. तिच्यात दट्ट्या, दट्ट्याला जोडलेला गुळगुळीत चकचकीत दांडा, आणि दांडा जिथून बाहेर येतो तिथे नळीचे तोंड बंद करणारे झाकण. या झाकणाला 'ग्लँड' म्हणतात. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तेल जाऊ शकते. तळाच्या बाजूने तेल आत आले की दांडा बाहेर येतो, दांड्याच्या बाजूने आले की आत जातो.

समजा, नळीचा आतला व्यास ५० मिमी आणि दांड्याचा व्यास ३० मिमी आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौ. सेंमी. भरते. दांड्याच्या बाजूला मात्र दांड्यानेच ७.१ चौ. सेंमी. जागा अडवलेली असते, म्हणून तिथे तेलाला ढकलायला फक्त १२.५ चौ. सेंमी. उरतात. पंपाचा दाब दर चौ. सेंमी.ला १५० किलो धरला, तर दांडा बाहेर ढकलणारे बल सुमारे २,९४० किलो आणि आत ओढणारे बल सुमारे १,८८० किलो येते. बाहूचे टेकू-बिंदूपासूनचे अंतर लक्षात घेता बकेटमध्ये यातले काही शे किलोच उचलले जातात. तरफेचा धडा इथे वेगळा शिकवावा लागत नाही.

ही आकडेमोड मुलांकडून करून घ्यावीच, कारण पुढे एका महत्त्वाच्या कोड्याला ती लागणार आहे.

सायकलच्या पंपातला वायसर

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे एकस्व घेतले. पास्कलचे यासंबंधीचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे नियम कळल्यावर उपयोगी यंत्र व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. यंत्र बनवताना अडचण आली ती त्या फटीचीच. दट्ट्याभोवतीचे आवरण घट्ट आवळावे तर दट्ट्या परत येताना अडकतो. सैल ठेवावे तर पाणी गळते. ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले याला यावर उपाय सापडल्याचे श्रेय दिले जाते. हा उपाय म्हणजे कडा वळवलेला चामड्याचा वाटीसारखा पट्टा. वाटीचे तोंड दाबाकडे. दाब वाढला की द्रव वाटीत शिरून तिच्या कडा फाकवतो आणि त्या पृष्ठभागावर घट्ट बसतात. दाब गेला की कडा सैल होतात आणि दट्ट्या सहज परत येतो. गळू पाहणारा द्रवच गळती बंद करतो!

ही युक्ती आपल्या मुलांच्या हातात रोज असते. सायकलचा हातपंप उघडून पाहा. दांड्याच्या टोकाला चामड्याची किंवा रबराची वाटी असते, जिला बरेच जण 'वायसर' म्हणतात. दांडा खाली दाबताना वाटीच्या कडा फाकतात आणि हवा अडते. वर ओढताना कडा मिटतात आणि बाजूने हवा आत येते. वायसर सुकला की पंप हवा मारत नाही. मग सायकलवाला त्याला तेल चोळून मऊ करतो. आता तोच वायसर उलटा बसवून पंप मारायला सांगा. कितीही जोर लावला तरी ट्यूबमध्ये हवा जात नाही. सील नवे असूनही दिशा चुकली तर ते निरुपयोगी, हे मुलांना एका मिनिटात पटते.

लोडरच्या सिलिंडरमध्ये चामड्याऐवजी तेल सहन करणारे कृत्रिम रबर किंवा पॉलियुरेथेन असते. ग्लँडमध्ये दांड्याभोवती एक ओठ असलेले सील, त्याचा ओठ आतल्या तेलाकडे. सर्वांत बाहेर 'वायपर', त्याचा ओठ बाहेरच्या दिशेला. दांडा आत जाताना त्यावरची माती पुसून काढणे हे त्याचे काम. ग्लँड आणि नळी यांच्यामध्ये ओ-रिंग. दट्ट्याभोवती आणखी एक-दोन सीले, ती दट्ट्याच्या दोन बाजूंचे तेल वेगळे ठेवतात. ओ-रिंग दिसायला साधी. पण तिचे अमेरिकी एकस्व नील्स ख्रिस्तेन्सन याला १९३९ साली मिळाले. आज ती नळापासून अवकाशयानापर्यंत सगळीकडे आहे.

गळती नेमकी कुठे?

सिलिंडर तेलकट दिसला म्हणजे सील गेले असे लगेच ठरवू नये. आधी तो चिंधीने कोरडा पुसावा, थोडे काम करून घ्यावे आणि मग पाहावे. दांडा आणि ग्लँड यांच्या मधून थेंब येत असेल तर दांड्याचे सील गेले. ग्लँडच्या बाहेरच्या कडेने येत असेल तर ओ-रिंग. नळीच्या जोडातून येत असेल तर जोड सैल आहे किंवा होज फुटू लागला आहे. वेल्डिंगला तडा असेल तर तेल तिथून झिरपते. दांड्यावर तेलाचा पुसट थर राहणे स्वाभाविक आहे, सीलला वंगण म्हणून तो हवाच. थेंब ओघळू लागले की दुरुस्ती आली.

'एक थेंब तर पडतो' असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गणित. सुमारे २० थेंबांचे १ मिली होते असे धरू. सेकंदाला एक थेंब पडला तर दहा तासांच्या कामात ३६,००० थेंब, म्हणजे १.८ लिटर तेल जमिनीत जाते. त्याशिवाय जिथून तेल बाहेर येते तिथून धूळ आत जाते. धुळीचे कण तेलाबरोबर फिरून पंप आणि झडपा घासतात. मग छोट्या सीलचा खर्च पंपाच्या खर्चापर्यंत पोचतो.

उचललेला बाहू हळूहळू खाली येतो: दोष कोणाचा?

आता ते कोडे. बाहू वर उचलून तरफ सोडून दिली आणि पाहता पाहता तो हळूहळू खाली आला, तर बहुतेक जण म्हणतात, 'दट्ट्याचे सील गेले, तेल वरून खाली होते.' ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. पण आपल्या आकड्यांनी तपासून पाहू.

तरफ मधल्या जागी असताना झडप दोन्ही नळ्या बंद करते. सिलिंडरमधले तेल आत कोंडलेले असते. समजा, दट्ट्याचे सील काढूनच टाकले. बाहू खाली यायचा तर दांडा आत शिरला पाहिजे. दांडा १ सेंमी. आत शिरला की दट्ट्याखालून १९.६ घन सेंमी. तेल हटते. पलीकडे, दांड्याच्या बाजूला जागा मात्र १२.५ घन सेंमी.ची होते. उरलेले ७.१ घन सेंमी. तेल कुठे जाणार? नेमकी तेवढीच जागा आत शिरलेल्या दांड्याने अडवली आहे. तेल दाबले जाते ते नगण्य. शंभर किलो दाबालाही त्याचे आकारमान एक टक्कासुद्धा कमी होत नाही. म्हणजे तेलाला बाहेर जायला वाट नसेल तर सील नसतानाही बाहू खाली येऊ शकत नाही!

मग काय होते? दाब वाढतो. एका सिलिंडरवर ६०० किलो भार असेल तर सील चांगले असताना दट्ट्याखाली दर चौ. सेंमी.ला सुमारे ३१ किलो दाब असतो. सील गेले की दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि भार पेलायला उरते ते फक्त दांड्याचे क्षेत्रफळ, ७.१ चौ. सेंमी. दाब जवळजवळ ८५ किलोवर जातो. हा वाढलेला दाब आता दोन्ही नळ्यांतून झडपेवर येतो. झडपेतला सरकता दांडा पोलादाला पोलाद घासूनच बसवलेला असतो, त्यातून थोडे तेल झिरपतेच; दाब वाढला की जास्त झिरपते. म्हणून बाहू खाली येतो तेव्हा तेलाची शेवटची वाट बहुधा झडपेतून किंवा बाहेरच्या एखाद्या गळतीतून असते. दट्ट्याच्या सीलचा हात त्यात असू शकतो, पण ते एकटे गुन्हेगार नव्हे.

हा नुसता तर्काचा खेळ नाही. झिजलेल्या झडपेसाठी सिलिंडर उघडला तर दिवसभराचे काम आणि पैसे वाया जातात. दट्ट्याचे सील खरेच तपासायचे तर सिलिंडर उतरवून बाकावर पक्का बांधतात. दांडा पूर्ण बाहेर काढतात, तळाच्या बाजूने दाब देतात आणि दांड्याच्या बाजूचे तोंड नळीने भांड्यात सोडतात. तिथून तेल सतत येत राहिले तर दट्ट्याचे सील गेले. थोडे येऊन थांबले तर ते ठीक आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी

इथे तीन गोष्टी मुलांना अगदी स्पष्टपणे सांगायला हव्यात, कारण ट्रॅक्टरच्या आसपास ती घरी वावरत असतात.

पहिली : उचललेल्या बकेटखाली किंवा बाहूखाली कोणीही जाऊ नये. तो बाहू तेलाच्या एका बंद स्तंभावर उभा असतो. होज फुटला, कोणाचा तरफेला धक्का लागला, तर तो क्षणात खाली येतो. दुरुस्तीआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून तरफ दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवावी, म्हणजे नळ्यांत कोंडलेला दाब निघून जातो. बाहू वर ठेवावाच लागला तर त्याला पोलादी आधार हवा; जॅक किंवा विटांचा ढीग चालत नाही.

दुसरी : होजला सुईएवढे भोक पडले असेल तर ते हाताने चाचपू नये. त्यातून सुटणारी बारीक धार कातडी भेदून तेल आत शिरवते. बाहेरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आत शिरलेले तेल पेशी नष्ट करत जाते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. अशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.

तिसरी : अडकलेला दट्ट्या काढायला काही जण सिलिंडरमध्ये हवेचा दाब सोडतात. तेल दाबले जात नाही, म्हणून फट मिळताच त्याचा दाब लगेच उतरतो. हवा मात्र दाबल्यावर स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. ग्लँड सुटताच दांडा बाणासारखा बाहेर येतो.

सिलिंडर उघडताना

बाहेरची माती आधी धुऊन काढावी. होज सोडून त्यांची तोंडे बुचाने बंद करावीत, दोन्ही टोकांच्या पिना काढून सिलिंडर उतरवावा आणि दांडा सावकाश आत-बाहेर करून उरलेले तेल भांड्यात काढावे. ग्लँड कुठे आट्यांची असते, कुठे तारेच्या कड्याने अडकवलेली, कुठे चार लांब बोल्टांनी आवळलेली. ती कशी बसली आहे हे समजल्याशिवाय छिन्नी-हातोडी चालवू नये. दांडा वाइसमध्ये धरायचा तर जबड्यांना तांब्याचे किंवा लाकडाचे तुकडे लावावेत; चकचकीत भागावर उठलेला एक ओरखडा नव्या सीलला महिन्याभरात कापून काढतो.

जुनी सीले काढण्यापूर्वी प्रत्येकाची जागा आणि ओठाची दिशा कागदावर काढून ठेवावी. विज्ञानाच्या वहीतली आकृती इथे खरोखर उपयोगी पडते. मग मोजमाप. जुन्या यंत्राच्या सुट्या भागांचा क्रमांक पुष्कळदा मिळत नाही, पण सीले ठराविक मापांत बनतात. व्हर्निअर कॅलिपरने दांड्याचा व्यास, खाचेचा व्यास आणि खाचेची रुंदी मोजली की दुकानदार सील काढून देतो. मोजायची ती खाच. जुने सील दबून आणि फुगून मापाबाहेर गेलेले असते. आणखी एक खोच आहे. पुष्कळ जुनी यंत्रे इंचाच्या मापात आहेत. सव्वा इंचाचा दांडा म्हणजे ३१.७५ मिमी. पट्टीने तो ३२ मिमी वाटतो, पण ३२ मिमीचे सील त्यावर सैल बसते आणि पहिल्याच दिवशी गळते. लघुतम माप कशाला शिकायचे, या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

सील का गेले?

याचे उत्तर मिळाल्याखेरीज नवे सील बसवू नये. दांड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर तो सीलला करवतीसारखा कापत असतो. बारीक ओरखडा बारीक पॉलिश कागदाने घासून घालवता येतो. खोल खड्डे असतील तर दांडा नव्याने क्रोम करून घ्यावा लागतो. दांडा सपाट फरशीवर लोळवला की वाकलेला आहे का ते दिसते. वाकलेला दांडा सीलची एकच बाजू खातो. नळीत हात घालण्याऐवजी उजेड टाकून आत उभ्या रेघा आहेत का पाहावे. वायपर फाटला असेल तर सगळी माती आत जात होती हे उघड आहे.

यांपैकी काहीच नसेल तर रबर म्हातारे झाले आहे. रबराचे खरे बळ त्याच्या पुन्हा मूळ आकारात येण्यात असते. उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने ते टणक होते, ओ-रिंगचा गोल काप चपटा होतो आणि फट भरून काढायची तिची शक्ती जाते. थंडीनेही हेच तात्पुरते घडते. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यानाचा अपघात झाला, त्याच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो लगेच फुगत नाही हे सर्वांना दाखवले. सात जणांचे प्राण ज्या गोष्टीवर अवलंबून होते ती एका पेल्यात दाखवता आली.

रबराची जातही महत्त्वाची. साधे नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि लिबलिबीत होते, म्हणून इथे नायट्राइलसारखे तेल सहन करणारे रबर लागते. एक रबरबँड आणि हायड्रॉलिकच्या दुकानातली एक ओ-रिंग झाकणाच्या बाटलीत रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवा, ज्योतीपासून दूर. आधी आणि नंतर लांबी मोजा. फरक डोळ्यांनाच दिसेल.

पुन्हा जोडताना

नवे सील यंत्रात असलेल्याच तेलाने ओले करून बोटांनी बसवावे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ढकलले तर ओठ कापला जातो. टणक सील थोडा वेळ गरम पाण्यात ठेवले की मऊ होते. दांड्याच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळली तर त्यावरून जाताना सील फाटत नाही. ओठाची दिशा कागदावरच्या आकृतीशी ताडून पाहावी. दट्ट्याची नट ठरलेल्या जोराने आवळावी, नाहीतर ती आत सुटून सगळेच बिघडते.

सिलिंडर जागेवर बसवल्यावर बकेट रिकामी ठेवून बाहू सावकाश काही वेळा वर-खाली करावा, म्हणजे आत अडकलेली हवा टाकीत परत जाते. हवा राहिली तर बाहू धक्के देत चालतो. मग तेलाची पातळी पाहून भर घालावी. पुढे काळजी एवढीच, की काम संपल्यावर दांडा जेवढा आत राहील तेवढा ठेवावा आणि बाहेर राहणाऱ्या भागावरची माती, शेणखताचा ओलावा पुसून टाकावा.

वर्गात करून पाहा

दोन वेगवेगळ्या मापांच्या, सुई नसलेल्या नव्या इंजेक्शनच्या सिरिंज सलाइनच्या नळीने जोडा. आधी पाणी भरून, मग हवा भरून दट्ट्या ढकला. फरक मुलांनाच सांगू द्या. दोन्हींचे आतले व्यास मोजून कोणता दट्ट्या किती सरकेल याचा अंदाज आधी बांधायला लावा. त्यानंतर एका दट्ट्याच्या रबराखाली शिवणाचा दोरा आडवा येईल असा अडकवून तो पुन्हा आत घाला. एवढ्याशा दोऱ्याने पाणी बाहेर येऊ लागते. दांड्यावरचा ओरखडा हेच करतो.

शेवटी एक प्रश्न मुलांवर सोपवावा. ट्रॉली उलटवणाऱ्या जॅकमध्ये तेल एकाच बाजूने जाते. खाली येताना ट्रॉलीच्या वजनानेच तो मिटतो. त्याचे सील गेले तर उचललेली ट्रॉली खाली येईल का? लोडरच्या सिलिंडरपेक्षा इथे तेलाची वाट कशी वेगळी आहे? ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी आकृती काढावी, ज्यांच्या घरी नाही त्यांनी आकडे मांडावेत, आणि उत्तर एकमेकांना पटवून द्यावे.